पत्ता त्यांचा, पत्रे कोणाची?

१

गेल्या उन्हाळ्यात एका विद्यापीठाच्या कार्यशाळेत श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता 'डिजिटल शिस्त'. बोलणारे गृहस्थ संगणक-विभागाचे अधिकारी होते. तरुण, हुशार आणि बोलण्यात मोठे आर्जवी. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका वयस्क प्राध्यापकांनी आपण विद्यापीठाच्या ई-मेलचा पासवर्ड वरचेवर विसरतो, त्यावर काही उपाय आहे का, असे भीत भीत विचारले. वक्ते हसून म्हणाले, "सर, ज्यांना स्वतःचा पासवर्ड सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती विद्यापीठ तरी कसं द्यायचं?" सभागृह हसले. विचारणारे प्राध्यापकही ओशाळून हसले. मीही हसलो असेन. हसण्याचा संसर्ग विचाराच्या आधी होतो. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. उर्मटपणा मी पुष्कळ पाहिला आहे, त्याचे मला काही वाटत नाही. हे वाक्य खोटे आहे आणि खोटे असूनही आपल्या विद्यापीठांचा कारभार त्याच्यावर चालला आहे, हे मला बोचले. त्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकतो, मी यंत्राचा वैरी नाही. दौत-टाकाच्या आठवणीने गहिवरणाऱ्या मंडळींत माझी गणना कुणी करू नये. देशातल्या मोजक्या संशोधनसंस्थांना जोडणारे 'एर्नेट' १९८६ साली सुरू झाले. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यानंतर तीनचार वर्षांतच मी ई-मेल लिहू लागलो. आंतर्देशीय पत्राला जिथे चार दिवस लागत तिथे जेवण होईतो उत्तर येऊन पडे. त्या आनंदाशी मी कृतघ्न होणार नाही. शिवाय माझे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. विभागप्रमुख असताना विभागाच्या खात्याचा पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप नाही. तेव्हा काळजी आणि निष्काळजी यांवर प्रवचन झोडण्याचा अधिकार मला नाही.

मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. विद्यापीठाने मला एक पत्ता दिला. तो मी मागितला नव्हता. पुढे रजेचा अर्ज त्याच पत्त्यावरून, पगाराची पावती त्याच पत्त्यावर, प्रश्नपत्रिकेचे निमंत्रण, संशोधक विद्यार्थ्यांचे अहवाल, सभांच्या सूचना, सगळे त्याच पत्त्यावर, अशी सक्ती झाली. त्या दाराला कुलूप कसले लावायचे, ते किती दिवसांनी बदलायचे, किल्ली हरवली तर कुणापुढे उभे राहायचे, हे सारे विद्यापीठाने ठरवले. शेवटी दार केव्हा बंद करायचे हेही त्यानेच ठरवले. या सगळ्या व्यवहारात माझ्या वाट्याला काय आले? फक्त विसरणे. आणि दोष तेवढा माझा! घर त्यांचे, कुलूप त्यांचे, नियम त्यांचे. चोरी झाली किंवा दार अडले तर गुन्हेगार मात्र भाडेकरू. माझे म्हणणे एवढेच की, जो कुलूप लावण्याची सक्ती करतो त्याने दाराची जबाबदारीही घेतली पाहिजे.

२

पासवर्डला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. रात्री पहाऱ्यावरच्या माणसाने हटकले की तो शब्द सांगायचा आणि पुढे जायचे. त्यात एक गोष्ट गृहीत असे. विचारणारा आणि सांगणारा दोघेही एकाच बाजूचे, आणि शब्द शत्रूला अडवण्यासाठी. आज विद्यापीठाच्या दारात आपल्याच माणसाकडे असे पाहिले जाते की, हा शत्रूच असावा. नाही हे त्याने सिद्ध करून दाखवावे.

संगणकावरचा परवलीचा शब्द जन्मला तोच मुळी विद्यापीठात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था उभी केली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. पुढच्याच वर्षी तेथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे ठरलेले चार तास पुरेनात. त्याने यंत्राकडून पासवर्डांची सबंध यादीच छापून घेतली! म्हणजे कुलूप आणि कुलपाची चोरी यांत एका वर्षाचे अंतर. त्या चोरीत कुठल्याही विसराळू प्राध्यापकाचा हात नव्हता. यादी यंत्रातच एका जागी पडलेली होती आणि यंत्राने ती मागणाऱ्याच्या हाती दिली. पुढे २०१४ साली, मृत्यूपूर्वी पाच वर्षे, खुद्द कोर्बाटो यांनी एका मुलाखतीत कबूल केले की, पासवर्ड हे आता दुःस्वप्न होऊन बसले आहे.

आता नियमांचे पाहू. एक मोठे अक्षर हवे, एक छोटे हवे, एक अंक हवा, एक चिन्ह हवे, आणि दर काही दिवसांनी सगळे बदलायला हवे. हा आचारधर्म जगभर पसरला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने २००४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेमुळे. तिचे लेखक विल्यम बर. निवृत्त झाल्यावर २०१७ साली त्यांनी वृत्तपत्राला सांगितले की, आपण त्या वेळी जे सांगितले त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने आपला नियम फिरवला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच तो बदलायला लावा, उगीच मुदती घालू नका, चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्या, असे तिने लिहिले. २०२५ च्या नव्या आवृत्तीत तर मुदतीच्या बदलाला सरळ मनाई केली. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ साली आपल्या सुरक्षेच्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली.

आणि हे मतपरिवर्तन हवेतून झालेले नाही. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संशोधकांनी २०१० साली आपल्याच विद्यापीठाच्या १०,००० हून अधिक बंद खात्यांचे जुने पासवर्ड तपासायला घेतले. ही खाती दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याच्या नियमाखालची होती. त्यांना असे आढळले की, जुना पासवर्ड हाती असेल तर तपासलेल्या खात्यांपैकी ४१ टक्क्यांचा पुढचा पासवर्ड संगणक तीन सेकंदांच्या आत ओळखतो. आणि १७ टक्क्यांच्या बाबतीत तर पाच प्रयत्नांच्या आतच दार उघडते. का? कारण माणूस माणसासारखा वागतो. 'गणपती@१' ची मुदत संपली की तो 'गणपती@२' करतो, मग 'गणपती@३'. आमच्या विभागात गणपतीचे विसर्जन दर नव्वद दिवसांनी होई आणि तोच गणपती अंक बदलून पुन्हा मखरात बसे. यात मूर्खपणा कुणाचा? ज्याला तास घ्यायचे आहेत, उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, घरी आजारी आई आहे, त्या माणसाचा? की जो नियम मोडकळीस आल्याचे नियम करणाऱ्यांनीच मान्य केले तो नियम अजून फळ्यावर टांगून ठेवणाऱ्यांचा?

व्याख्यात्या गृहस्थांना यातले काही ठाऊक नसेल असे मी मानत नाही. ते जाणकार आहेत. पण विसरणाऱ्याला हसणे सोपे असते, परिपत्रक बदलून घेणे कठीण.

३

प्राध्यापकाचे गाऱ्हाणे निदान दिवाळी अंकात छापून येते. विद्यार्थ्याचे तेवढेही होत नाही. म्हणून एक हकिकत सांगतो.

माझी एक विद्यार्थिनी, तालुक्याच्या गावाहून आलेली, एम. ए. च्या पहिल्या वर्षाला. घरातली कॉलेज पाहणारी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज तिने स्वतः भरला नव्हता. तो भरला एस. टी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेतल्या मुलाने. रांगेत तीसचाळीस मुले, सर्व्हर मंद, आणि अर्जाचा शेवटचा दिवस. त्या मुलाने ई-मेलच्या रकान्यात आपल्या दुकानाचाच पत्ता घातला आणि पासवर्ड मनानेच ठरवला. मोबाइलच्या रकान्यात तिने भावाचा क्रमांक सांगितला, कारण घरात चालू फोन तेवढाच होता. भाऊ पुढे कामाला सुरतेस गेला, तिथे त्याने नवे कार्ड घेतले, जुन्याचा रिचार्ज सुटला आणि क्रमांक गेला. असा बंद पडलेला क्रमांक काही मुदतीनंतर दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो, हे किती जणांना ठाऊक असते? प्रवेश झाल्यावर विद्यापीठाने तिला स्वतःचा ई-मेल पत्ता दिला खरा. पण त्याचा पहिला पासवर्ड गेला कॅफेच्या पत्त्यावर, आणि ओटीपी गेला कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर. कॅफे तोवर बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरे विकणारा बसला होता.

परीक्षेचा अर्ज भरण्याची सूचना त्या न उघडलेल्या खात्यात येऊन पडली. मुदत टळली. ती माझ्याकडे आली तेव्हा परीक्षेला नऊ दिवस उरले होते. मी तिला घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतले लिपिक भले गृहस्थ होते.

"सर, माझ्या हातात काही नाही. तिला म्हणावं, मदत-कक्षाला मेल टाक."

"अहो, मेल उघडत नाही हीच तर तक्रार आहे."

"हो, पण तक्रार विद्यापीठाच्याच मेलवरून यायला पाहिजे. बाहेरच्या मेलवरून आलेली सिस्टीम घेत नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, ते माझ्याकडे. दोघांनाही त्यातला विनोद कळला होता, पण हसावे असे कुणालाच वाटले नाही. मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून समोर उभी होती. ओळखपत्रावर तिचा फोटो होता, विद्यापीठाचा शिक्का होता. परंतु समोरच्या हाडामांसाच्या मुलीला ओळखण्याचा अधिकार खिडकीतल्या माणसाला उरला नव्हता. ती हळूच म्हणाली, "सर, राहू द्या. पुढच्या वर्षी बसते."

तिला परीक्षेला बसता आले. विलंबशुल्क भरले, कुलसचिवांना भेटलो, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रवेशपत्र हाती पडले. हे झाले ते माझी ओळख होती म्हणून. ज्यांना अशी ओळख नसते ते 'राहू द्या' म्हणतात आणि संध्याकाळची एस. टी. धरून गावी परत जातात. पुढे आपण चर्चासत्रे भरवतो आणि त्यांना 'गळती' म्हणतो.

या मुलीने काय विसरले होते? तिला पासवर्ड कधी मिळालाच नव्हता. किल्ली एका दुकानदाराच्या खिशात, कुलूप विद्यापीठाच्या दाराला, आणि दोघांच्या मध्ये ती. तिला विद्यापीठाच्या लायकीची नाही म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की, ज्या राज्यात शेकडो मुले दुसऱ्याच्या हातून अर्ज भरतात तिथे पहिली किल्ली ई-मेलने पाठवण्याचा निर्णय कुणाच्या लायकीचा?

४

आता माझी स्वतःची हकिकत.

३१ मे २०२४ रोजी मी निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, "विद्यापीठाचे दार तुम्हांला सदैव उघडे आहे" हे वाक्यही मिळाले. ३० जूनच्या रात्री माझे खाते पुसले गेले. तशी पूर्वसूचना दिली होती, असे मला मागाहून कळले. ती त्याच खात्यावर आली होती, जून महिन्यात. आणि जून महिन्यात मला ते खाते उघडत नव्हते, कारण नव्वद दिवसांची मुदत संपली होती आणि नवा पासवर्ड करण्याची सोय फक्त 'कार्यरत कर्मचाऱ्यांना' होती. घराला कुलूप घालून घर खाली करण्याची नोटीस आतल्या खुंटीवर टांगावी, तसला हा न्याय.

मी अर्ज केला. आमची खाती गूगलच्या व्यवस्थेवर होती. त्या व्यवस्थेत पुसलेले खाते प्रशासकाला २० दिवसांपर्यंत परत आणता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी सांगितले नाही. माझा अर्ज १२ जुलैला, म्हणजे बाराव्या दिवशी, आवक-जावक वहीत चढला. तिथून तो संगणक-विभागात गेला, तिथून आस्थापनेकडे, तिथून अभिप्रायासाठी विधी-अधिकाऱ्यांकडे. सात आठवड्यांनी उत्तर आले: 'सदर खात्यातील माहिती उपलब्ध नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' विसावा दिवस फायलीच्या प्रवासातच कुठेतरी मावळला होता. यात कुणी दुष्टपणा केला असे मी म्हणत नाही. दुष्टपणा असता तर भांडायला समोर माणूस तरी सापडला असता.

त्या खात्यात काय होते? २००८ पासूनची सोळा वर्षांची पत्रे. त्यांतली पुष्कळशी टाकाऊ, हे मी मान्य करतो. सभांच्या सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाचे हरवलेले पाकीट. पण त्यांत आणखी एक गोष्ट होती. शेतीच्या अवजारांच्या आणि त्यांच्या भागांच्या नावांचा एक कोश करावा, असे माझ्या मनात होते. नांगराचे रुमणे, तिफणीचे चाडे, जुवाची शिवळ, येठण. ट्रॅक्टर आला आणि ही माणसे घरातून उठून जावीत तसे हे शब्द उठून जाऊ लागले. माझे जुने विद्यार्थी ठिकठिकाणी शिक्षक होते. ते आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारून एकेका शब्दाची रूपे मला कळवीत. त्या सगळ्यांत वडीलधारे होते ते माझे एक स्नेही, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वयाच्या पासष्टाव्या वर्षी नातवाकडून ई-मेल शिकले आणि दर रविवारी एक लांबलचक पत्र पाठवू लागले. शब्द कुठे ऐकला, कुणाच्या तोंडून, तो म्हातारा त्या वेळी काय करीत होता, सगळे लिहीत. २०२१ च्या मे महिन्यात करोनाने ते गेले. त्यांनी ज्यांना विचारले होते त्यांतले बरेच जण त्यांच्या आधीच गेले होते.

मी त्या पत्रांची प्रत वेळीच काढून ठेवायला हवी होती, हे मला कुणी सांगायला नको. रोज रात्री मी ते स्वतःला सांगतो. पण माझ्या चुकीने त्यांची चूक पुसली जात नाही.

आपण पत्रांवर उभा राहिलेला समाज आहोत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या दशकातली पत्रे आहेत. लिहिली गेल्यापासून छापली जाईपर्यंत ती सव्वाशेहून अधिक वर्षे कुणाच्या तरी माळ्यावर, बासनात बांधून पडली होती. वाळवीने काही खाल्ली, पावसाने काही भिजवली, वाण्याने काहींच्या पुड्या बांधल्या. तरी जी उरली तेवढ्यांवर आपला इतिहास लिहिला गेला. वाळवीलासुद्धा एवढी घाई नसते. सोळा वर्षांचे दप्तर एका रात्रीत फस्त करण्याची ताकद वाळवीत नाही, ती फक्त परिपत्रकात असते.

बाहेर काय चालले आहे तेही पाहावे. ब्रिटिश लायब्ररीने २०११ साली वेंडी कोप या कवयित्रीचा दप्तरसंग्रह विकत घेतला, त्यात कागदांच्या पेट्यांबरोबर सुमारे ४०,००० ई-मेल होते. ते जपून ठेवण्याजोगे वाङ्मयीन साधन आहेत, असे त्या ग्रंथालयाला वाटले. आपल्याकडचे कवी, समीक्षक, कोशकार, लोकगीते गोळा करणारे, यांतले किती जण विद्यापीठांच्या पत्त्यावरून एकमेकांना लिहीत होते! उद्याच्या राजवाड्यांनी २०१० सालचा मराठी वाङ्मयव्यवहार शोधायला कुठे जावे? माळा नाही, बासन नाही, वाण्याची पुडीही नाही.

५

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. त्यांतले तीन महत्त्वाचे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. निवृत्तांची, गेलेल्यांची खाती उघडी ठेवली तर चोर त्यांतून शिरतात. विद्यापीठाच्या नावाने फसवी पत्रे जातात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका लेखत नाही. बेवारस घरात चोर शिरतात हे कुणीही मान्य करील. परंतु चोर शिरतात म्हणून घरमालकाने भाडेकरूचे सामान जाळावे काय? पत्रे पाठवण्याची सोय बंद करा. जुनी वाचण्याची आणि उचलून नेण्याची सोय काही काळ ठेवा. नवी पत्रे दुसऱ्या पत्त्यावर वळवा. पत्ता बदलल्याचा अर्ज दिला तर टपालखातेही पत्रे नव्या पत्त्यावर पाठवते. जे खाकी डगल्यातल्या पोस्टमनला जमते ते संगणकाला जमत नाही, हे मला कुणी पटवू नये. शिवाय सुरक्षिततेची एवढी चाड असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. छापून गेलेल्या संशोधनलेखावर लेखकाचा जो पत्ता छापला जातो तो पुढे बदलता येत नाही. उद्या तोच पत्ता त्याच नावाच्या नव्या माणसाला दिलात, तर माझी पत्रे त्याच्या घरी जातील.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पूर्वी शिक्षणसंस्थांना गूगलकडे अमर्याद जागा मिळे. २०२१ साली गूगलने ती आखडती घेतली आणि सबंध संस्थेला मिळून १०० टेराबाइटांची मर्यादा जाहीर केली. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत खाती छाटण्याची लाट आली. जागा फुकट नसते हे मला समजते. पण जागा खातात त्या चित्रफिती. साधे पत्र काही किलोबाइटांचे असते. माझ्या गुरुजींची सगळी पत्रे एकत्र केली असती तरी निरोप समारंभाच्या चित्रफितीएवढी जागाही त्यांना लागली नसती. ती चित्रफीत विद्यापीठाकडे अजून सुखरूप आहे.

तिसरा आक्षेप मालकीचा, आणि खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. 'खाते कार्यालयीन कामासाठी दिले होते; त्यातला मजकूर संस्थेचा.' ठीक. कार्यालयीन कागद संस्थेने जरूर ठेवावेत. पण मग ते ठेवले का नाहीत? संस्थेचा मजकूर म्हणून माझ्या हातून काढून घ्यायचा आणि निरुपयोगी म्हणून पुसून टाकायचा, हे मालकाचे वागणे नव्हे. आणि ज्या गुरुजींनी मला पत्रे लिहिली ते काही विद्यापीठाचे नोकर नव्हते. त्यांचे शब्द विद्यापीठाच्या मालकीचे कोणत्या न्यायाने झाले?

कायद्याकडे पाहावे तर तिथेही निराशाच आहे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात आपली स्वतःची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या विधेयकात तसा हक्क होता. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली संमत झाला, त्यात तो उरला नाही. दुरुस्ती मागता येते, पुसून टाकण्याची मागणी करता येते, आपल्या मृत्यूनंतर हे हक्क बजावणारा माणूसही नेमता येतो. पण 'माझी पत्रे मला द्या' असे म्हणण्याला कलम नाही. तेव्हा हा प्रश्न आज तरी विद्यापीठांच्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोपवावा लागतो.

६

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नव्वद दिवसांच्या पासवर्ड-बदलाचे परिपत्रक मागे घ्या. ज्यांनी तो धर्म काढला त्यांनीच तो सोडला आहे. विद्यार्थ्याची पहिली किल्ली त्याच्या हातात द्या. वर्गात, ओळखपत्र पाहून, त्याच्याच समोर पासवर्ड ठरवून. ज्याचा फोन गेला, क्रमांक गेला, त्याच्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात एक खिडकी ठेवा, आणि त्या खिडकीतल्या माणसाला समोरच्या माणसाला ओळखण्याचा अधिकार द्या. खाते बंद करायचे तर सूचना कागदावर, घरच्या पत्त्यावर, सहा महिने आधी पाठवा. निवृत्तीच्या फायलीत ग्रंथालयाचा ना-देय दाखला लागतो. तसाच, 'सदर व्यक्तीस तिची पत्रे उतरवून देण्यात आली' असा एक दाखला लागू करा. आणि जाणाऱ्याने खुशीने आपली पत्रे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊ केली तर ती घेण्याची व्यवस्था ठेवा. या कामांना लागतो तो थोडा वेळ आणि माणसाविषयी थोडी आस्था.

आता त्या कार्यशाळेतल्या वाक्याकडे पुन्हा येतो. पासवर्ड सांभाळता न येणाऱ्याच्या हाती विद्यापीठ कसे द्यायचे, असा प्रश्न होता. माझा उलट प्रश्न असा आहे की, सोळा वर्षांची पत्रे ज्यांना सांभाळता आली नाहीत, त्यांच्या हाती आम्ही ते दिले आहे त्याचे काय?

गेल्या दिवाळीत गुरुजींच्या मुलीचा फोन आला. वडिलांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका घरच्यांसाठी काढावी असे तिच्या मनात होते. म्हणाली, "काका, बाबांची पत्रं तुमच्याकडे असतील ना? ते दर रविवारी तुम्हांलाच लिहीत बसायचे. आम्ही हाक मारली तरी उठायचे नाहीत." मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग शोधतो म्हणून सांगितले. कागदांचे सगळे गठ्ठे उपसले. पूर्वी एका व्याख्यानासाठी म्हणून छापून घेतलेली तीन पत्रे सापडली. त्यांतल्या एकात चाड्याविषयी लिहिले होते. पेरताना बाई चाड्यावर मूठ कशी धरते आणि दाणे तिच्या बोटांतून कसे सुटतात, त्याचे वर्णन होते. त्या तीन पत्रांच्या प्रती काढून मी तिला साध्या टपालाने पाठवल्या. पाचव्या दिवशी तिला पोचल्या.